पाताळेश्वरीं एक सकाळ

मुलांस फिरावयास कोठें न्यावें, असा प्रश्न निघाला कीं वडील मंडळी प्रथम खिसा चांचपतात. वस्तुतः पुण्यांत जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराचें लेणें पाहण्यास तिकीट पडत नाहीं. पायीं गेल्यास गाडीभाडेंही वांचतें.

गेल्या श्रावणांत एका रविवारीं शेजारच्या मुलास घेऊन आम्ही तेथें गेलों. नववींत नापास होऊन त्यानें शाळा सोडली होती. घरीं तो कोणाशीं बोलत नसे. इसवी सनाच्या ८व्या शतकांत, राष्ट्रकूटांच्या काळीं, हें शिवालय अखंड कातळांत कोरलें, पुढील नंदिमंडप वर्तुळाकार आहे, इत्यादि पाठ आम्ही संवयीनें सुरू केला. तो मात्र भिंतीवरील छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवीत होता. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, काम अर्धेंच सोडलें का हो?"

"होय, अपुरेंच राहिलें."

"तरी पूजा होते!"

आम्हांस पुढें बोलवेना. परततांना तो आपण होऊन शाळेविषयीं बोलूं लागला; आम्ही ऐकत चाललों.

वाचकहो, येत्या रविवारीं एखादें मूल बरोबर घ्या. पैसा लागत नाहीं. सकाळ मात्र मोकळी ठेवावी, आणि आपला पाठ थोडा आवरावा.