हॅलो, मोटर बोलतेय!

मी पडले कॉन्व्हेंटची! मराठीत लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाशी झटापट सुरू होते. पण हा विषय मराठीतच लिहायला हवा, कारण आमच्या प्रोजेक्टचा खरा परीक्षक म्हणजे जुन्नर तालुक्यातला माझा मामा.

तिकडे शेतीची वीज बरेचदा रात्री येते. मोटर चालू करायला उसातून विहिरीवर जायचं, आणि उसात बिबट्याची भीती. मोबाईलवर चालणारे स्टार्टर बाजारात मिळतात. पण आम्ही 'सिम ८००' मॉड्यूल घेऊन स्वतःचा बनवायचं ठरवलं. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या या वस्तूत जवळजवळ अख्खा मोबाईल असतो, फक्त स्क्रीन आणि बटणं नसतात. याच्याशी बोलायचं 'एटी' कमांडने. एटी म्हणजे अटेन्शन! १९८१ च्या हेज मोडेमपासून चालत आलेली ही भाषा. आपण 'एटी' म्हणायचं, ते 'ओके' म्हणतं. इतकं आज्ञाधारक आमच्या वर्गात कुणी नाही.

टीसीपी/आयपी मॉड्यूलच्या आतच असल्यामुळे नेटवर्किंग सोपं गेलं. व्होल्टेज आणि करंटचे आकडे सर्व्हरवर जाऊ लागले. मोठ्या ऐटीत मामाला ग्राफ दाखवला. तो म्हणाला, "आकडे राहू दे गं. मोटर पाणी ओढतेय का नुसतीच फिरतेय, ते मला आवाजावरून कळतं. आवाज ऐकव."

म्हणून माईक जोडला. फोन लावायचा, १ दाबलं की मोटर चालू, २ दाबलं की बंद. बटणाचा सूर मॉड्यूल स्वतः ओळखतं. आणि विहिरीवरचा आवाज थेट कानात!

इथे खरी मजा सुरू झाली. टूजीमध्ये मॉड्यूल सेकंदाला सुमारे २१७ वेळा थांबून-थांबून प्रक्षेपण करतं, आणि दर वेळी २ अँपिअरपर्यंत करंट खेचतं. त्याची भुरभुर माईकमध्ये शिरते. मॉड्यूलच्या अगदी जवळ मोठा कपॅसिटर लावला, माईकच्या वायरी दूर नेल्या, तेव्हा ती कमी झाली. दुसरं, फोनची रचना माणसाच्या आवाजासाठी, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. मोटरची एकसुरी घरघर म्हणजे त्याच्या लेखी नुसता गोंगाट, म्हणून तो ती दाबून टाकतो! ती सोय कमांड देऊन कमी केली. तिसरं, या मॉड्यूलवर कॉल चालू असताना जीपीआरएस थांबतं. मग तेवढ्यापुरते आकडे मायक्रोकंट्रोलरमध्ये साठवले आणि फोन ठेवल्यावर पाठवले.

एक सूचना: जिओकडे टूजी नाही, त्यामुळे ते सिम यात चालत नाही. पुढच्या बॅचने फोरजी मॉड्यूल घ्यावं, पण ते व्हीओएलटीई कॉल करतं का, हे आधी पाहावं.

व्हायवात मार्क किती मिळाले ते विचारू नका. त्या रात्री मामाने घरातूनच १ दाबलं, कान देऊन ऐकलं आणि मामीला म्हणाला, "हौदात धार पडली. झोपतो आता."