लाकडाची हालचाल आणि लहान पेटी

विदेशी कठीण लाकडांपासून हातभरापेक्षाही लहान पेटी तयार करणे हे सुतारकामाच्या पसाऱ्यात किरकोळ काम वाटत असले, तरी लाकडाच्या स्वभावातील जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात एकदम समोर येतात आणि त्या झाकण्याला जागा मात्र उरत नाही. दरवाजाच्या चौकटीत दोन मिलिमीटरांची फट कोणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या घरांतील फणेरपेटीएवढ्या वस्तूत तीच फट सगळे काम फुकट घालवते. वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या सपुष्प वृक्षांच्या लाकडाला कठीण लाकूड म्हणतात, त्यामुळे अतिशय हलके आणि नखाने दबणारे बाल्साही त्याच वर्गात मोडते. पेटी करणाऱ्यांच्या व्यवहारात मात्र या नावाने मध्य व दक्षिण अमेरिकेतील जांभळे पर्पलहार्ट, आफ्रिकेतील केशरी-तांबडे पदौक, काँगो खोऱ्यातील काळपट रेघांचे वेंगे, मध्य अमेरिकेतील कोकोबोलो आणि निरनिराळ्या एबनी अशी दाट, जड व रंगदार लाकडे अभिप्रेत असतात. ही लाकडे विकत घेतली जातात ती रंगाला भुलून; पेटी टिकते की उकलते हे मात्र रंगावर नव्हे, तर लाकडाच्या हालचालीवर ठरते, आणि या कामाचा अभ्यास तिथूनच सुरू व्हायला हवा.

लाकूड हवेतील आर्द्रतेशी सतत देवघेव करीत असते. सभोवतालच्या हवेशी जुळते झाल्यावर लाकडात जेवढे पाणी उरते, त्याला समतोल जलांश म्हणतात आणि तो पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात. साधारण २७ अंश सेल्सिअस तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर हा जलांश ६ टक्क्यांच्या आसपास असतो. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तो १६ टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. विदर्भातील मे महिना आणि मुंबईतील जुलै महिना यांत जवळजवळ एवढेच अंतर असल्यामुळे, महाराष्ट्रात तयार होणाऱ्या पेटीसाठी हे आकडे पुस्तकी नाहीत. लाकडाची ही हालचाल सर्व दिशांना सारखी नसते: तंतूंच्या लांबीच्या दिशेने ती नगण्य असते, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या म्हणजे अरीय दिशेने मध्यम असते, आणि वार्षिक वलयांच्या कडेकडेने जाणाऱ्या म्हणजे स्पर्शीय दिशेने सर्वांत जास्त असते. पर्पलहार्टच्या बाबतीत ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंतचे आकुंचन अरीय दिशेने सुमारे ३ टक्के आणि स्पर्शीय दिशेने सुमारे ६ टक्के असते.

या आकड्यांचा अर्थ झाकणाच्या फळीवर पडताळून पाहता येतो. लाकूड आकसू लागते ते जलांश ३० टक्क्यांच्या खाली उतरल्यावर; म्हणजे जलांशात १० टक्क्यांचा फरक पडला, तर एकूण आकुंचनाच्या एक-तृतीयांश इतकी हालचाल होते. स्पर्शीय चिरणीची, १५० मिलिमीटर रुंदीची पर्पलहार्टची फळी पावसाळ्यात उन्हाळ्यापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर रुंद होऊ शकते, आणि तीच फळी अरीय चिरणीची असेल तर सुमारे दीड मिलिमीटर. पॉलिशने ही देवघेव मंदावते, थांबत नाही. अशी फळी चारही कडांनी गोंद लावून पेटीच्या चौकटीत पक्की बसवली, तर पावसाळ्यात ती कोपऱ्यांचे सांधे उघडते आणि कोरड्या ऋतूत स्वतः तडकते. यात कारागिराच्या हाताचा दोष नसून मांडणीचाच दोष असतो. म्हणून चौकटीच्या आतल्या बाजूला खोबण काढून फळी त्यात मोकळी सरकती ठेवतात आणि फार तर तिच्या रुंदीच्या मध्यावर गोंदाचा एक ठिपका देतात, जेणेकरून ती दोन्ही बाजूंना सारखी फुगावी. बांधणीचा महिनाही येथे हिशेबात घ्यावा लागतो: मे महिन्यात बसवलेल्या फळीला खोबणीत फुगण्यासाठी जागा सोडावी लागते, तर पावसाळा पचवून दिवाळीच्या सुमारास कामाला घेतलेली फळी बरीच फुगलेली असल्यामुळे ती अधिक घट्ट बसवली तरी चालते, मात्र तिची कड खोबणीत पुरेशी खोल असावी लागते, नाही तर उन्हाळ्यात ती आकसून बाहेर डोकावते.

हालचालीवर वेगळा तोडगा मुंबईच्या इतिहासात सापडतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई व सुरत येथे तयार होणाऱ्या आणि इंग्रजांच्या व्यापारात बॉम्बे बॉक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेट्यांवर सादेली नावाचे जडावकाम असे. हस्तिदंत, एबनी, रंगवलेले शिंग आणि कथलासारखा धातू यांच्या बारीक लांब काड्या एकत्र चिकटवून त्यांची मोळी करीत, ती आडवी कापून पातळ चकत्या काढीत आणि त्या बहुधा चंदनाच्या पेटीवर बसवीत. एकेक तुकडा इतका लहान असे की त्याची स्वतःची हालचाल नाममात्र राही, आणि पेटीचा भार खालच्या लाकडावर पडे. हस्तिदंत आज कायद्याने वर्ज्य झाले असले, तरी दुर्मीळ लाकूड पातळ कापून स्थिर पायावर चिकटवण्याची ही युक्ती मोलाची आहे. याउलट, चारपाच रंगांच्या जाड पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली आणि हल्ली वारंवार दिसणारी झाकणे या दृष्टीने अविचारी ठरतात, कारण वेंगे हे पदौकपेक्षा बरेच अधिक आकसते आणि शेजारच्या पट्ट्यांची ओढाताण वर्षानुवर्षे चालू राहते. एका पेटीला दोन लाकडे पुरेशी होतात, आणि त्यांपैकी एकाने शांत राहावे हे बरे.

दाट उष्णकटिबंधीय लाकडांतील तेले व राळयुक्त द्रव्ये हा दुसरा विषय. ही द्रव्ये वृक्ष आपल्या मध्यकाष्ठात, म्हणजे खोडाच्या आतील निर्जीव व गडद भागात साठवतो आणि त्यांच्यामुळेच या लाकडांना रंग, वास व कीड-बुरशीपासून संरक्षण मिळते. लिग्नम व्हायटी या कॅरिबियन प्रदेशातील लाकडात ती इतकी असतात, की अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्लिश सुतार-घड्याळजीने आपल्या लाकडी घड्याळांचे फिरते भाग या लाकडाचे करून वंगणाची गरजच काढून टाकली. घड्याळात गुण ठरलेले हे तेल सांध्यात मात्र अडसर होते, कारण ते पृष्ठभागावर येऊन गोंदाला लाकडात मुरू देत नाही. चांगला सांधा जोराने तोडला असता लाकडाचे तंतू फाटून गोंदाला चिकटलेले दिसतात. तेलकट लाकडाचा फसलेला सांधा सुटतो तेव्हा दोन्ही बाजू स्वच्छ, काचेसारख्या गुळगुळीत निघतात. म्हणून कोकोबोलोसारख्या लाकडाचे सांधे रंधून ताजे केल्यावर किंवा ॲसिटोनने पुसल्यावर लगेच चिकटवतात, आणि फेव्हिकॉल जातीच्या पांढऱ्या गोंदाऐवजी अनेकदा इपॉक्सी वापरतात.

पेटीच्या बाहेरील रेषांची जुळणी हा या कामातील सर्वांत सुंदर भाग म्हणावा लागेल. एकाच पट्टीतून पुढची, उजवी, मागची आणि डावी बाजू क्रमाने कापली, तर तीन कोपऱ्यांवर लाकडाच्या रेषा अखंड वळतात, पण चौथ्या कोपऱ्यावर पट्टीची दोन टोके भेटत असल्यामुळे त्या तुटतात. हे टाळण्यासाठी सुमारे ३० मिलिमीटर जाडीची फळी जाडीतून चिरून तिचे दोन पातळ भाग करतात. नव्याने उघडलेले दोन्ही आतील पृष्ठभाग एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असतात. ते पेटीच्या बाहेरच्या अंगाला ठेवून एका भागातून पुढची व उजवी, तर दुसऱ्या भागातून मागची व डावी बाजू घेतली, तर एका भागाचा शेवट दुसऱ्या भागाच्या त्याच टोकाशी भेटतो आणि चारही कोपऱ्यांवर रेषा जुळतात. चिरल्यानंतर मात्र घाई करून चालत नाही: फळीचा गाभा बाहेरील थरापेक्षा ओला असू शकतो आणि आतील ताण मोकळे झाल्याने पातळ भाग वाकतात; म्हणून त्यांच्यामध्ये काड्या घालून ते काही दिवस थप्पीत ठेवतात आणि मगच रंधून ९-१० मिलिमीटर जाडीवर आणतात.

अशा जुळणीला ४५ अंशांचा कोनसांधा लागतो, कारण इतर सांध्यांत लाकडाचे कापलेले तोंड बाहेर दिसते. चार कोपऱ्यांना आठ काप येतात. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यावर चुकीची बेरीज ४ अंशांची होते. समोरासमोरच्या बाजूंची लांबी तंतोतंत सारखी असणेही तितकेच महत्त्वाचे असते. चारही बाजू बाहेरचे अंग वर करून टोकाला टोक लावून मांडतात, सांध्यांवर चिकटपट्टी ताणून लावतात, सर्व पालथे घालून कोनांत गोंद भरतात आणि तळ व झाकणाच्या फळ्या खोबणींत सरकवून पेटी गुंडाळून बंद करतात. ती सर्व बाजूंनी बंद ठोकळ्यासारखी तयार झाल्यावरच झाकण करवतीने कापून वेगळे केले जाते, त्यामुळे झाकण आणि पेटी एकमेकांशी नेमकी जुळतात. करवतीचा काप जितका पातळ तितकी उभ्या बाजूंवरील रेषांची तूट कमी दिसते. कोनसांध्यात कापलेली तोंडे एकमेकांना चिकटलेली असल्याने त्याची ताकद बेताची असते. म्हणून कोपऱ्यांत तिरक्या खाचा पाडून त्यांत दुसऱ्या लाकडाच्या पातळ चिपा बसवतात.

रंगाचा विचार या टप्प्यावर अपरिहार्य होतो. नुकते कापलेले पर्पलहार्ट करडे-तपकिरी दिसते, हवा व प्रकाश लागून काही दिवसांत जांभळे होते आणि उन्हात वर्षे गेली की पुन्हा तपकिरीकडे झुकते. पदौकही कालांतराने तपकिरी होते. पदौकमधील तांबडी रंगद्रव्ये स्पिरिटमध्ये विरघळतात, त्यामुळे पदौकशेजारी मेपलसारखी फिकट चिप असेल आणि दोन्हींवर एकदम पॉलिश पेपर फिरवला, तर तांबडी धूळ फिकट लाकडाच्या छिद्रांत शिरते आणि स्पिरिटमधील लाखेचे पॉलिश लावताच तिचा ओघळ पसरतो. तेव्हा पृष्ठभाग पत्र्याने खरवडून साफ करावा, धूळ फुंकून काढावी आणि फिकट भागावर आधी बारीक ब्रशने लाखेचा पातळ हात द्यावा, हा क्रम उलटवू नये. पेटीच्या आतून जवसाचे तेल लावणेही टाळावे, कारण बंद जागेत त्याचा वास वर्षानुवर्षे जात नाही.

या धुळीचा प्रश्न केवळ डागांपुरता नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ मानवाला कर्करोगकारक असल्याचे नोंदवले, आणि कोकोबोलोच्या धुळीने त्वचेला तीव्र ॲलर्जी होते. मुखपट्टी आणि धूळ ओढणारे यंत्र यांचा खर्च लाकडाच्या किमतीत आधीच धरावा.

लाकडाचे मूळ हा शेवटचा आणि कदाचित सर्वांत गंभीर मुद्दा. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराने ब्राझीलच्या रोझवुडवर १९९२ साली सर्वांत कडक बंधने घातली, जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया हा शिसवी व कोकोबोलो यांचा संपूर्ण वंश नियंत्रणाखाली आणला, आणि २०२२ च्या पनामा परिषदेत आफ्रिकेतील पदौकचाही समावेश केला. त्यामुळे लाकूड कोठून व कोणत्या कागदपत्रांनिशी आले हे विचारणे पेटी करणाऱ्याचे कर्तव्य ठरते. कॅमेरूनमधील एबनीचे उदाहरण येथे बोलके आहे. पूर्ण काळ्या गाभ्याची झाडे तेथे साधारण दहांत एक निघत आणि करड्या-तपकिरी पट्ट्यांची झाडे तोडल्यावर जंगलातच टाकून दिली जात. २०११ साली एका अमेरिकन गिटार कंपनीने भागीदारीत तेथील कारखाना विकत घेतल्यावर पट्टेदार लाकूडही वाद्यांत वापरले जाऊ लागले. लहान पेटीला लांब, निर्दोष फळीची गरजच नसते. वाद्यांच्या कारखान्यात उरलेले आखूड पट्टेदार तुकडे तिच्या चारही बाजूंना पुरतात, आणि काळ्यातून करड्यात जाणारी त्यांची रेघ कोपऱ्यावर वळवून घेता येते.