बलूनला माणसं लागतात

स्वित्झर्लंडमधल्या शातो-दे गावच्या मैदानावर पोचलो तेव्हा आकाशात एकही बलून नव्हता. बर्फ दाबून सपाट केलेल्या जागेवर वेताच्या टोपल्या आडव्या पडल्या होत्या, जीपगाड्यांची मागची दारं उघडी होती आणि माणसं माना वर करून उभी होती. थोड्या वेळानं एका पायलटनं हातातला लहानसा काळा फुगा सोडला. तो सरळ वर गेला, चर्चच्या टेकडीएवढ्या उंचीवर पोचला आणि वळून खोऱ्याच्या उताराकडे निघाला. सगळ्यांची नजर त्याच्यामागं.

"वारा बघतायत," आत्या म्हणाली. "उफणायला उभं राहण्याआधी आम्ही मूठभर भुसा सोडून बघायचो, तसंच."

आत्याचं घर सिन्नर तालुक्यात आहे. तिचा जन्म शेतात गेलेला. आमच्याकडे लोझानला ती राहायला आली ती ऐन हिवाळ्यात, आणि या दिवसांत तिला कुठं न्यायचं हा प्रश्न या गावानं सोडवला. मॉन्त्रोहून निघालेली छोटी रेल्वे डोंगर चढत तासाभरात इथं आणते. जेमतेम साडेतीन हजार वस्तीचं, लाकडी घरांचं गाव. 1979 पासून दर जानेवारीच्या अखेरीस इथं बलूनवाले जमतात. डोंगरांच्या आडोशामुळं या खोऱ्यात वारा बेताचा असतो, आणि कडाक्याची थंडी तर बलूनला हवीच असते.

थंडी का हवी, हे मला नीट कळलं ते तिथल्या एका पायलटकडून. समुद्रसपाटीला शून्य अंशाची एक घनमीटर हवा सुमारे एक किलो तीनशे ग्रॅम भरते; तीच शंभर अंशांपर्यंत तापवली की साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास. सगळी उचल या मधल्या साडेतीनशे ग्रॅमांची. म्हणून तर चार माणसं उचलायला हजारो घनमीटरचा फुगा लागतो. बाहेरची हवा जितकी गार, तितका हा फरक कमी गॅसमध्ये साधतो. मात्र थंडीची अडचणही आहे: गारठ्यात प्रोपेनचा दाब उतरतो आणि बर्नरची ज्योत लुळी पडते. मग सिलिंडरमध्ये नायट्रोजन भरून दाब वाढवावा लागतो. हे सांगत असतानाच त्यानं आमच्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "हातमोजे आहेत ना? मग या इकडे."

त्याचं एक माणूस कमी पडत होतं. मला त्यानं फुग्याच्या तोंडाशी उभं केलं. टोपली आडवी, तिला तारांनी जोडलेलं कापड बर्फावर लांबच लांब पसरलेलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं एक कॉलेजातला मुलगा, असं आम्ही ते तोंड ताणून धरलं. मोठा पंखा सुरू झाला आणि गार हवा आत शिरू लागली. आधी कापडाला नुसत्या सुरकुत्या पडत होत्या. मग एक घडी उलगडली, मग दुसरी, आणि बघता बघता आत एक मोठी रंगीत खोली तयार झाली. कापडातून झिरपणाऱ्या उन्हानं आतला बर्फ लाल-पिवळा दिसत होता. पार टोकाला एक बाई फुग्याच्या माथ्याला बांधलेला दोर कमरेमागून घेऊन, टाचा बर्फात रोवून उभ्या होत्या. फुगा घाईनं वर उसळू नये, हे त्यांचं काम.

मग बर्नर पेटला. त्या आवाजानं छातीत धडधड होते, आणि इतक्या थंडीत तोंडावर आलेली ती धग मी विसरणार नाही. कापड जमिनीपासून सुटलं, डोलत डोलत सरळ झालं, टोपली उभी राहिली. पायलट ओरडला तसे सगळे धावले आणि टोपलीच्या कडेवर हात टाकून तिला खाली दाबून धरू लागले. आत्याही. स्वेटरवर स्वेटर घातलेली, कानाला मफलर गुंडाळलेली माझी आत्या, दोन्ही हात वेताच्या कडेवर ठेवून अंगाचा भार टाकत होती. पायलटनं हात सोडायला सांगितले आणि टोपली आमच्या बोटांखालून निघून गेली. धक्का नाही, हिसका नाही. मी आत्याकडे बघितलं तर तिचे हात अजून तसेच पुढं होते.

आत्तापर्यंत मी बलूनची चित्रं पुष्कळ पाहिली होती, सगळी आकाशातली. त्यामागं खाली इतकी माणसं उभी असतात, हे त्या चित्रांत कधी दिसलं नव्हतं. मला तर वाटतं, या गावचा महोत्सव खरा मैदानावरच बघावा.

मागावर जाणाऱ्या जीपमध्ये दोर धरलेल्या बाईंनी आम्हाला बसवून घेतलं. वायरलेसवर पायलट बोलत होता. बलूनला सुकाणू नसतं. तो फक्त वर-खाली होऊ शकतो. दिशा हवी असेल तर तिकडे वाहणारा वाऱ्याचा थर शोधायचा. सकाळी डोंगरावरची गार हवा खोऱ्यातून उताराकडे वाहते. ऊन तापलं की वारा उलटा, वर निघतो.

याच गावातून 1 मार्च 1999 रोजी बर्ट्रांड पिकार आणि ब्रायन जोन्स यांचा 'ब्राइटलिंग ऑर्बिटर 3' हा बलून निघाला. पृथ्वीप्रदक्षिणेचा पिकार यांचा 1997 चा पहिला प्रयत्न भूमध्य समुद्रात संपला होता, 1998 चा म्यानमारमध्ये. तिसऱ्या वेळी त्यांना जायचं होतं पूर्वेकडे, पण ते आधी नैर्ऋत्येला, उत्तर आफ्रिकेपर्यंत गेले, आणि तिथं पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा मिळाल्यावर त्यावर स्वार झाले. 21 मार्चला इजिप्तच्या वाळवंटात उतरले तेव्हा कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला बलून ठरला होता. हे मी आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "आमच्या पंचाळ्याला उतरलेला तो?" तिला आठवत होते विजयपत सिंघानिया. नोव्हेंबर 2005 मध्ये मुंबईहून उडून, जवळपास 21 किलोमीटर उंची गाठून, ते सिन्नर तालुक्यातल्या पंचाळे गावाच्या शिवारात उतरले होते. गरम हवेच्या बलूनचा तो जागतिक उच्चांक. जीपमधल्या सगळ्यांसाठी मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं, आणि आत्याकडे बघण्याची त्यांची नजरच बदलली. एकानं तिला विचारलं, तिकडचा वारा कसा असतो? तिनं थंडीतला, पावसाआधीचा, खळ्यावरचा, असा एकेक वारा सांगितला. मी भाषांतर करता करता दमले.

बलून एका कुरणात उतरला. पायलटनं दोर ओढून माथ्याचं झाकण उघडलं, गरम हवा सुटली आणि तेवढं मोठं कापड बर्फावर आडवं झालं. शेतकरी घराबाहेर आला. त्याच्या जमिनीवर उतरल्याबद्दल पायलटनं त्याला वाइनची बाटली दिली, आणि तो बाटली कुंपणाशी ठेवून आमच्यासोबत कापड गोळा करायला लागला.

हे काम कंटाळवाणं आणि जडही. कापड लांबट आवळत आणायचं, आतली हवा रेटून काढायची, मग पिशवीत कोंबायचं. आत्या सरळ त्या कापडावर बसली आणि बसल्या बसल्या पुढं सरकत हवा काढू लागली. कॉलेजातला मुलगा तिच्या शेजारी बसला, मग मी.

पिशवी जीपमध्ये चढल्यावर पायलटनं विचारलं, उद्या सकाळी साडेआठला दोघी याल का, माणसं कमीच आहेत. मी आत्याला विचारण्यासाठी वळले. ती मोज्यांवरचा बर्फ झटकत म्हणाली, "त्याला म्हणावं, तो माथ्याचा दोर उद्या मी धरीन."