गळती बुजवताना

पोटातील महाधमनीची भिंत अशक्त होऊन साधारण २ सेंटिमीटर व्यासाची ही वाहिनी ५.५ सेंटिमीटरपर्यंत फुगली की ती फुटण्याचा धोका वाढतो. अशा वेळी पोट न उघडता, जांघेतून कापडी अस्तराची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट-ग्राफ्ट, आत बसवण्याची पद्धत हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनोस आयर्स येथे वापरली आणि तिने रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचवले. परंतु फुग्याची पोकळी जागच्या जागीच राहते, आणि नळीच्या बाहेरून तिच्यात रक्त येत राहिले तर त्या गळतीला एंडोलीक म्हणतात. ब्रिटनमधील दीर्घकालीन चाचणीत आठ वर्षांनंतर फुग्याशी संबंधित मृत्यू या पद्धतीच्या रुग्णांतच अधिक आढळले, आणि मागाहून फुगा फुटणे हे त्याचे मुख्य कारण होते.

नळीचे टोक भिंतीला घट्ट न बसल्यामुळे होणारी पहिल्या प्रकारची गळती आणि जोड सुटल्यामुळे किंवा कापड फाटल्यामुळे होणारी तिसऱ्या प्रकारची गळती पोकळीवर धमनीचा पूर्ण दाब आणतात, म्हणून त्या दिसताच बंद कराव्या लागतात. कंबरेच्या किंवा मोठ्या आतड्याच्या बारीक वाहिन्यांतून उलट्या दिशेने रक्त येते ती दुसऱ्या प्रकारची गळती सर्वाधिक आढळते, पण ती पुष्कळदा आपोआप थांबते, आणि पोकळी वाढत नसेल तर तिला हात न लावणे हेच कौशल्याचे काम ठरते. नवी मुंबईत सानपाड्याच्या सिडको इमारतींत ओल एका भिंतीवर उमटते आणि पाणी मुरते भलतीकडे, तसेच येथेही घडते: दुसऱ्या प्रकारची म्हणून बुजवलेल्या गळतीमागे टोकाची गळती लपलेली असू शकते, आणि मग सारा उपचार वाया जातो.

बुजवण्याच्या कामात धोका पदार्थाच्या स्वभावातच असतो. गोंद रक्ताला लागताच घट्ट होतो, म्हणून तो आत नेणारा बारीक कॅथेटर आधी ग्लुकोजच्या पाण्याने धुवावा लागतो, आणि तो मागे घ्यायला उशीर झाल्यास टोक आतच चिकटते. ऑनिक्स हा द्रव वापरण्यापूर्वी किमान २० मिनिटे हलवत ठेवावा लागतो, कारण क्ष-किरणांत दिसण्यासाठी त्यात मिसळलेली टँटलमची पूड तळाशी बसते. त्याच्या द्रावकामुळे रुग्णाच्या श्वासाला एक-दोन दिवस लसणीसारखा वास येतो, आणि नातेवाइकांना हे आधी सांगितले नाही तर ते घाबरतात. हे पदार्थ पोकळीबाहेर सरकले तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, क्वचित मज्जारज्जूचाही. पाठीतून सुई घालून थेट पोकळी गाठताना नळीच्या कापडाला छिद्र पडू शकते, शिवाय जंतुसंसर्गाची भीती राहतेच. केवळ पोकळीत येणारी वाहिनी बंद करून पोकळीतला रक्ताचा अड्डा तसाच सोडला, तर काही महिन्यांत दुसरी वाहिनी तिची जागा घेते.

म्हणून उपचार खरोखर लागू पडला का, हे गळतीपेक्षा पोकळीच्या व्यासावरून ठरवणे भाग पडते. सानपाड्याच्या रुग्णाला वाशी-नेरुळात स्कॅन करून घेणे अवघड नाही; अवघड आहे ते, काही दुखत नसताना वर्षानुवर्षे तपासणीला येत राहणे आणि येताना केवळ अहवाल न आणता पहिल्या स्कॅनची सीडी आणणे, कारण ५ मिलिमीटरची वाढ दोन चित्रे शेजारी ठेवून मोजल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. त्यातच टँटलम आणि गळती बुजवायला वापरलेल्या धातूच्या कॉइल सीटी स्कॅनमध्ये इतके चमकतात की त्यांच्या आड नवी गळती झाकली जाते, आणि तेथे डॉपलर सोनोग्राफीचा आधार घ्यावा लागतो. पोकळी तरीही वाढतच राहिली, तर शेवटी पोट उघडून नळी काढावी लागते. मूत्रपिंडांच्या वाहिन्यांच्या वर तिचे आकडे रुतलेले असतील, तर ते सोडवण्यासाठी महाधमनीला त्याहून वर चिमटा लावणे भाग पडते, आणि जी मूत्रपिंडे आधीच स्कॅनसाठी वारंवार दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधाने थकलेली असतात, त्यांचाच रक्तपुरवठा त्या काळात बंद राहतो.