अडीच, चार की सहा?

इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी सुट्टीत गावी गेला की घरच्यांना फुकटचा वायरमन मिळतो. आमचं गाव मलकापूर, कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या अलीकडचं. शेत कडवी नदीच्या काठाला. ज्यांनी 2019 आणि 2021 चा महापूर पाहिलाय, त्यांना स्टार्टरची पेटी नदीपासून लांब, उंचावर का बसवतात ते सांगायला नको. पेटी लांब गेली की केबलही लांबते. आमची 200 मीटर भरते.

यंदा ती केबल बदलायची होती. मोटर 5 एचपीची, करंट साधारण 8 अँपिअर. आबा म्हणाले, "अडीच एमएमची आणू. तेवढा करंट ती सोसती. आणि बिल तर शून्यच हाय की!"

आबांचं खोटं नव्हतं. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात एप्रिल 2024 पासून मोफत वीज आहे. तरी मी कागद-पेन घेऊन बसलो. अडीच एमएमच्या 200 मीटर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स जवळपास 1.6 ओहम. तीन फेजचा लॉस तीन आय स्क्वेअर आर, म्हणजे सुमारे 300 वॅट. मोटर चालू असेपर्यंत 100 वॅटचे तीन बल्ब मातीत जळत ठेवल्यासारखंच! चार एमएमला हाच लॉस 190 वॅट, सहाला 127.

मग सरळ सहाची का घेऊ नये? इथं मित्रांनो, सर विल्यम थॉमसन म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन मदतीला येतात. त्यांनी 1881 साली सांगितलं, की तारेत गुंतवलेल्या भांडवलाचा वर्षाचा खर्च आणि वाया जाणाऱ्या विजेचा वर्षाचा खर्च जिथं सारखे होतात, तो आकार सर्वांत किफायतशीर. नुसती जाड केबल म्हणजे शहाणपण नव्हे.

अडीचऐवजी सहा घेतली तर साडेअठरा किलो तांबं जास्त लागतं. चार घेतली तर आठ किलो. तांबं किलोला हजार रुपये, वीज युनिटला 5 रुपये आणि पंप वर्षाला 1500 तास धरला, तर सहाचा जादा खर्च निघायला 14 वर्षं लागतात, चारचा 9 वर्षांत निघतो. हाच पंप कारखान्यात 6000 तास चालला असता, तर सहाचे पैसे साडेतीन वर्षांतच वसूल! म्हणजे आकार ठरवताना अँपिअरइतकेच तासही मोजायला हवेत.

"पण बिल शून्य," आबांचा मुद्दा कायमच. बिल शून्य झालं म्हणून लॉस शून्य होत नाही. तो सरकारी अनुदानातून, म्हणजे सगळ्यांच्याच खिशातून जातो. शिवाय अडीचच्या केबलमध्ये 22 व्होल्ट पडतात, चारमध्ये 14. आधीच 370 व्होल्ट येत असतील तर आणखी 22 घालवायचे कशाला? व्होल्टेज घटलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळतं. रिवाइंडिंगचं बिल मात्र कुणी माफ करत नाही!

हे शेवटचं वाक्य आबांना पटलं. आखूडशिंगी, बहुदुधी केबल बाजारात मिळत नाही. आम्ही चार एमएमची आणली.

होस्टेलवर टाकीत पाणी चढवणारी मोटर सुट्टी सोडली तर रोज चालते. तिची केबल किती एमएमची आणि किती मीटरची, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? टेप आणि टाँगटेस्टर लॅबमध्ये आहेत. गणित तर पाठच आहे.