कापसातल्या कोळ्याचं कुल

कोळ्यांची कुलं वरचेवर बदलतात, हा मला संशोधकांचा रिकामा उद्योग वाटे. आता वाटत नाही.

फुलंब्री-सिल्लोडकडच्या कपाशीत पान मुडपून, रेशमाने शिवून आत दिवसभर पडून राहणारा फिकट पिवळसर कोळी दिसतो. तो जाळं विणत नाही. रात्री बाहेर पडून तुडतुडे, लहान अळ्या मारतो. हा कायराकँथियम. कोळीतज्ज्ञ मजुमदार आणि टिकादर यांच्या भारतीय कोळ्यांवरच्या १९९१ च्या ग्रंथात तो क्लुबिओनिडी कुलात आहे आणि वर्गात मी तेच शिकवत आलो. टिकादरांनी लिहिलं म्हणजे झालं! पण १९९७ मध्ये अर्जेंटिनाच्या मार्टिन रामिरेझ यांनी सहकाऱ्यांसह त्याला मितुर्गिडी कुलात नेलं, २०१४ मध्ये युटिकुरिडी हे वेगळं कुल केलं, आणि पुढे कायराकँथिडी हे १८८७ चं नाव ज्येष्ठ म्हणून तेच चालू झालं. मी वैतागून जुन्या नावाला चिकटून राहिलो.

मग एका विद्यार्थिनीने तो, ज्याच्यावरून क्लुबिओनिडी हे नाव पडलं त्या खऱ्या क्लुबिओनाशेजारी भिंगाखाली ठेवला. "सर, याच्या पाठीवर खाचच नाही." खरंच नव्हती. क्लुबिओनाच्या पाठीवर मधोमध बारीक उभी खाच असते. याची पाठ गुळगुळीत. याचे पुढचे पाय सर्वांत लांब, त्याचे बहुधा मागचे. याच्या नराच्या तोंडाजवळच्या आखूड पायाच्या टोकाच्या भागाला तर बुडाशी मागे वळलेला काटा असतो. सारखं काय होतं? दोन ओळींत आठ डोळे, पायाला दोन नखं, पानात घर आणि रात्रीची भटकंती. एवढ्यावर सोयरीक होते, रक्ताचं नातं ठरत नाही. १८९७ मध्ये फ्रेंच संशोधक सिमोनने क्लुबिओनिडीत इतकी भरती केली होती, की आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवर पळणारा तो दांडगा कोळीही त्यातच होता! मुंगीचं सोंग घेणारा कास्टियानिराही त्यातच होता. दोघेही कधीचे बाहेर पडलेत.

यात शेतीचाही हिशेब आहे, आणि माझं मत खरं हललं ते तिथे. टेक्सासमध्ये कायराकँथियमची एक जात कपाशीच्या पानाच्या शिरेवरच्या ग्रंथींतला गोड रस पिताना आढळली. म्हणजे कीड नसतानाही तो शेतात तग धरू शकतो. आपल्याकडचा कोळी असं करतो का, हे जुन्या नोंदी चाळून शोधू म्हटलं, तर वहीत नुसतं "क्लुबिओनिडी, तीन". त्या तिघांतला कायराकँथियम कोणता, हे आता कोणीही सांगू शकत नाही. त्या वहीतलं अक्षर माझंच आहे.

एक तक्रार मात्र उरलीच आहे. नव्या याद्या करणारे जुनं कुल कंसात देत नाहीत, त्यामुळे १९९१ चा ग्रंथ घेऊन बसलेल्या पोराला स्वतःचा कोळी यादीत सापडतच नाही.