नावे ठेवण्याचा खेळ

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत अंतर अवघ्या एका मात्रेचे. पहिल्याला पाळणा लागतो, दुसऱ्याला जीभ पुरते. गेली दोन वर्षे दर शनिवारी रात्री आमच्या बडोद्याच्या घरी जो खेळ चालतो, त्यात मात्र ही दोन्ही कामे एकाच वेळी उरकली जातात.

खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. माझा नातू आणि त्याचे चार मित्र जेवणाच्या टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात, भांडतात, क्वचित पळही काढतात. यश की अपयश, हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. सारीपाटातल्या सोंगटीला रंग असतो, नाव नसते. येथे पात्राच्या कागदावर नावाचा रकाना असतो आणि तो भरताना या मुलांची प्रतिभा उतू जाते. तलवार चालवणारा महावीर आहे फाफडासिंह. कुलपे उघडणारा चोर उधारीलाल. आगलावे, पोटफोडे, वाघमारे अशी आडनावे पिढ्यान्‌पिढ्या गंभीरपणे लावणाऱ्या आपल्या समाजाने या नावांना हसावे, हेही एक नवलच.

हा वात्रटपणा आमच्या पोरांनी शोधलेला नव्हे, तो मूळ पुरुषांपासून चालत आला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध केला. पहिले खेळाडू म्हणजे घरचीच मुले आणि मित्रमंडळी. गायगॅक्स यांच्या थोरल्या मुलाचे नाव अर्नेस्ट. त्या नावाची सहा इंग्रजी अक्षरे उलटसुलट मांडून 'टेन्सर' हा मांत्रिक जन्मला. धाकट्या ल्यूकच्या पात्राला तर नावच सुचेना. कागदावर पुरुष म्हणून 'एम' आणि जमात म्हणून 'एल्फ' असे लिहिलेले होते. दोन्ही जोडून वाचले, झाला 'मेल्फ'! ब्रायन ब्लूम या भागीदाराने 'रॅरी' नावाचा मांत्रिक घेतला, तो केवळ 'मीडियम' ही पदवी मिळून 'मीडियम रॅरी' म्हणवून घेता यावे म्हणून. अर्धवट भाजलेल्या मांसाला इंग्रजीत जे म्हणतात, त्यावरची ही कोटी. आपल्या शाकाहारी वाचकांना तिची चव कळणार नाही. मलाही ती समजावून घ्यावी लागली.

गंमत पुढेच आहे. ही पोरकट नावे मंत्रांना चिकटली आणि पुस्तकांत छापली गेली. मेल्फचा आम्लबाण, टेन्सरची तरंगती तबकडी हे मंत्र आजही जगभरची मुले मोठ्या गांभीर्याने उच्चारतात. २००० साली प्रकाशकांनी नियमांचा बराचसा भाग इतरांना वापरण्यास मोकळा केला, तेव्हा मंत्र दिले, पण ही नावे वगळली. ज्या नावाला कोणी पाच पळेही विचार केला नव्हता, त्याला आता कुलूप आहे! जिम वॉर्ड या खेळाडूचे नाव उलट्या बाजूने लिहून 'ड्रॉमिज' झाले. वॉर्ड २०२४ साली वारले. त्यांचे उलटे नाव मात्र एका मंत्रावर अजून आहे. दूर राहिलेली वस्तू त्या मंत्राने क्षणात हाती येते.

हा मंत्र आमच्या घरी वेळेवर आला असता, तर ह्यांच्या आयुष्यातले निदान एक वर्ष वाचले असते. ह्यांचा चष्मा रोज हरवे. कधी तो फडताळात सापडे, कधी देव्हाऱ्यात, बहुधा कपाळावरच. ह्यांना जाऊन चार वर्षे झाली. नातवाने या खेळात जो वृद्ध मांत्रिक घेतला, त्याच्या कागदावर लिहिले : 'नानासाहेब चष्मेशोधे'.

घरात यावरून थोडे वादळ झाले. गेलेल्या माणसाची थट्टा करू नये, असे सूनबाईंचे म्हणणे, आणि ते चूक नव्हते. मी काय सांगावे? ज्या काळात मी या घरात आले, तेव्हा नवऱ्याचे नाव घ्यायचे ते उखाण्यात. एरवी 'अहो'वर अठ्ठेचाळीस वर्षे निभावली. आणि आता शनिवारी रात्री अकरा वाजता बाहेरच्या खोलीतून पाच तरुण आवाज ओरडत होते, "नानासाहेब, मागे पाहा!" ते नाव या घरात इतक्या मोठ्याने कित्येक दिवसांत कोणी घेतले नव्हते. मी सूनबाईंना म्हटले, "राहू दे."

याच बडोद्यात राहून चिं. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ घडवले. ती नावे वाचून प्रथम हसू येते. मग ती माणसे आपल्या नात्यातली होऊन बसतात. तसेच येथे झाले. पहिल्या महिन्यात 'चष्मेशोधे' म्हणताच पोरे खिदळत. पुढे ते आडनाव कोणी उच्चारीना. नुसते 'नानासाहेब', तेही आदरार्थी बहुवचनात. फाफडासिंह चालवणारा मुलगा गुजराती. पण तोही मराठीत "नानासाहेब, तुम्ही बसा, मी जातो" असे म्हणू लागला.

श्रावणातल्या एका शनिवारी भुयारात नानासाहेब पडले. नियम असा की, पडलेल्या पात्रासाठी वीस पैलूंचा फासा टाकायचा. दहा किंवा अधिक पडले तर एक पाऊल जीवनाकडे, कमी पडले तर एक मरणाकडे. तीन पावले ज्या दिशेने आधी पडतील, तिकडे निकाल. दोन इकडची झाली, दोन तिकडची. नातवाने फासा माझ्यापुढे धरला. मी म्हटले, "तुझे पात्र आहे, तूच टाक." सात पडले. उधारीलालने उठून पंखा बंद केला. का, ते त्यालाही सांगता आले नसते. त्या रात्री खेळ पुढे गेला नाही. ड्रॉमिजचा मंत्र साधायला मांत्रिकाला अकराव्या पायरीवर जावे लागते. नानासाहेब चौथीवर होते.

तो कागद नातवाने फाडला नाही, मलाही दिला नाही. आपल्या वहीत ठेवला आहे.

नव्या पात्राच्या नावाची सध्या घरात चर्चा चालू आहे. यंदा पहिली सूचना चक्क सूनबाईंची होती. ती सर्वांना पसंत पडली, पण नामंजूर करावी लागली. कारण त्या नावाचे आमचे व्याही हयात आहेत आणि शनिवारी कधीमधी चहाला येतात.